गाडी दुकानात द्यावी की घरीच उघडावी?



रविवारची सकाळ आहे. बऱ्याच घरांत चहाचा दुसरा कप चालू असेल आणि काही घरांत आत्ताच गॅरेजचा दरवाजा वर गेला असेल. आजचं बोलणं त्या गॅरेजवाल्या घरांसाठी आहे. आणि आतून "अहो, आज पुन्हा ते उघडून बसू नका हं" असं सांगणाऱ्यांसाठीही आहे.

गेल्या महिन्यात इथे बे एरियात आमच्या ओळखीच्या मंडळींची सहल होती. बायका-पोरं भेळेच्या तयारीत, आणि पार्किंगमध्ये एका गाडीचं बॉनेट उघडं. भोवती आम्ही पाच-सहा बाप, हात पाठीमागे बांधून, लग्नात मांडव बघायला उभे राहतात तसे. गाडी एका मित्राच्या मुलाची. त्याला तिच्यात नवे पार्ट घालायचे होते, इथे ज्यांना परफॉर्मन्स पार्ट्स म्हणतात ते. प्रश्न एवढाच की दुकानात पैसे देऊन बसवून घ्यायचे की घरी स्वतः बसवायचे. एक जण म्हणाला, "दुकानात टाक, पैसे दे आणि मोकळा हो." दुसरा म्हणाला, "छे, दोन तासांचं काम आहे. व्हिडिओ बघून कुणीही करेल." तेवढ्यात भेळेला हाक आली आणि वाद तसाच राहिला.

मी त्या वेळी काही बोललो नाही. कारण आमच्या घरी गेल्या वर्षभरात दोन्ही करून झालं आहे, आणि दोन्हीकडे शिकायला मिळालं आहे. त्यातलं एक शिक्षण असं होतं की ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेच आज सांगणार आहे.

आधी एक गंमत. आपल्याकडे गावी "गाडी गॅरेजला दिली" म्हटलं की अर्थ सरळ असायचा, गाडी मेस्त्रीकडे गेली. इथे आल्यावर गॅरेज म्हणजे घराचीच एक खोली झाली. मेस्त्री गेला, खोली राहिली. त्या खोलीत आता मेस्त्री कोण, हाच खरा प्रश्न आहे.

तर आमचे चिरंजीव. वय १७. गाडी २००९ ची होंडा सिव्हिक एसआय. दोन लिटरचं इंजिन, कंपनीच्या कागदावर १९७ हॉर्सपॉवर, गिअर हाताने टाकायचे. निम्मे पैसे त्याचे, उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड म्हणून कमावलेले. निम्मे आमचे. गाडी घरी आली आणि आठ दिवसांत आमच्या फ्रिजवर एक यादी लागली. इनटेक, ब्रेक पॅड, लोअरिंग स्प्रिंग, एक्झॉस्ट, ट्यून. आणि त्याखाली त्याच्या आईच्या अक्षरात, कोथिंबीर.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इनटेक म्हणजे इंजिनला हवा पुरवणारी नळी आणि तिच्या तोंडाशी असलेला फिल्टर. ब्रेक पॅड तुम्हाला माहीत आहेत, इथे जास्त तापमान सहन करणारे पॅड हवे होते. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे गाडी इंच-दीड इंच खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा. एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप आणि सायलेन्सर. आणि ट्यून म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा प्रोग्रामच बदलणं.

पहिला हिशोब पैशांचा, तो करून टाकू. मी आमच्या भागातल्या तीन दुकानांत विचारलं. मजुरीचा दर तासाला १७० ते २२० डॉलर. आणि हा तास घड्याळातला नसतो बरं का. कोणत्या गाडीचं कोणतं काम किती तासांचं, याची त्यांच्याकडे छापील किंवा कॉम्प्युटरवरची पुस्तकं असतात. पुस्तकात दोन तास लिहिले असतील तर मेकॅनिकने ते सव्वा तासात उरकलं तरी बिल दोन तासांचं. यात लबाडी नाही, त्यांच्या धंद्याची ती रीत आहे. काम चिघळून चार तास लागले तर तेव्हाही बहुतेक वेळा दोनच तासांचे घेतात. पण हे माहीत नसलं की बिल बघून उगाच भांडण होतं.

फक्त पुढच्या दोन चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे मला ४१० डॉलर सांगितले, पॅड धरून. घरी केलं तर पॅड ९० डॉलरचे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, बघ, ३२० डॉलर वाचले!" मी म्हटलं, थांब. चांगला जॅक १६०. गाडी टेकवायचे दोन स्टँड ५०. नट मोजून घट्ट करायचा पाना, ज्याला टॉर्क रेंच म्हणतात, तो ७०. सॉकेटचा डबा १००. झाले ३८०. म्हणजे पहिलं काम घरी केलं तर दुकानापेक्षा ६० डॉलर जास्तच पडले. घरी काम करण्याचा फायदा दुसऱ्या आणि तिसऱ्या कामापासून सुरू होतो. ज्याला एकदाच काहीतरी बसवायचं आहे, त्याने पैसे वाचतील म्हणून अवजारं घेऊ नयेत. एखादंच अवजार हवं असेल तर ऑटोझोनसारख्या दुकानांत अनामत ठेवून ते वापरायला मिळतं आणि परत केलं की पैसे परत येतात. तेवढी चौकशी जरूर करा.

पण पैशांचा हिशोब हा मंडळी सोपा हिशोब आहे. तो चुकला तर शे-दोनशे डॉलर जातात. दुसरा हिशोब अवघड आहे, तो आम्हाला उशिरा कळला.

सुरुवात इनटेकने झाली. व्हिडिओतल्या माणसाने पस्तीस मिनिटांत बसवला होता. आम्हाला साडेतीन तास लागले, कारण व्हिडिओतल्या माणसाचे क्लिप पंधरा वर्षांच्या उन्हाने कडक झालेले नव्हते. एक क्लिप मोडला, एक स्क्रू इंजिनाच्या खाली कुठेतरी पडला, तो शोधण्यात पाऊण तास गेला. शेवटी गाडी चालू केली तर इंजिन एका लयीत चालेना. खाली-वर, खाली-वर, दमेकऱ्यासारखं. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. आमच्याकडे २५ डॉलरचं छोटं यंत्र आहे, स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये लावलं की गाडीची तक्रार आकड्यात सांगतं. त्याने आकडा दिला पी०१७१. म्हणजे इंजिनला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे. नळीवरचा एक पट्टा सैल राहिला होता, आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून तिथून हवा आत शिरत होती. पट्टा आवळला, दिवा घालवला, विषय संपला. नुकसान शून्य. उलट मुलगा हवा, पेट्रोल आणि सेन्सर यांचं नातं असं शिकला की शाळेच्या पुस्तकातून शिकला नसता.

ताकद किती वाढली म्हणाल, तर नुसत्या इनटेकने या इंजिनात थोडीच वाढते. आवाज मात्र भरपूर वाढतो. हे मी त्याला आधी सांगितलं होतं. तो म्हणाला, "आवाजच तर हवाय."

मग आले ब्रेक पॅड. शनिवारची सकाळ. गॅरेजमध्ये सपाट फरशीवर गाडी घेतली. मागच्या चाकांना ठोकळे लावले. जॅकने उचलली आणि स्टँडवर टेकवली. डावीकडचं चाक आम्ही दोघांनी मिळून केलं. कॅलिपर काढला, तो नळीवर लोंबकळू न देता तारेने टांगला, पिस्टन हळूहळू मागे दाबला, नवे पॅड बसवले. सगळं शांतपणे. मुलाचे हात माझ्यापेक्षा चांगले चालतात, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

उजवीकडचं चाक चालू होतं आणि सांगलीहून भावाचा फोन आला. आईच्या डॉक्टरांबद्दल बोलायचं होतं. मी मुलाला म्हटलं, "तू कर, मी आलो." आणि आत गेलो.

त्याने काम पूर्ण केलं. अगदी व्यवस्थित केलं. चाक लावलं, गाडी खाली उतरवली, नट टॉर्क रेंचने ८० फूट-पाउंडला घट्ट केले, या गाडीसाठी कंपनीने तेवढंच सांगितलं आहे. अवजारं उचलून ठेवली. आणि मग, गाडी जरा फिरवून बघू म्हणून बसला, चालू केली, रिव्हर्स टाकला आणि बाहेर काढली.

आमचा ड्राइव्ह-वे रस्त्याकडे उतरता आहे. गाडी उतारावर आली, त्याने ब्रेक दाबला, आणि पेडल सरळ खाली फरशीला टेकलं. ब्रेक नाही.

त्याने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा मागची चाकं रस्त्यात होती. मी आवाजाने बाहेर आलो तर हा आत तसाच बसलेला, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा हँडब्रेकवर, सोडायला तयार नाही. शेजारची दोन लहान मुलं शनिवारी सकाळी त्याच फुटपाथवरून सायकली फिरवत असतात. त्या दिवशी ती घरी नव्हती. याच्यापलीकडे मी त्यावर काही बोलत नाही.

झालं काय होतं? नवे, जाड पॅड बसवण्यासाठी कॅलिपरचा पिस्टन मागे दाबावा लागतो. काम झाल्यावर पिस्टन आणि पॅड यांच्यात मोकळी जागा राहते. गाडी जागची हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबलं की पिस्टन पुढे येतो, पॅड डिस्कला टेकतात आणि पेडल पुन्हा टणक लागतं. ते दाबलं नाही, तर पहिल्या वेळी पाय दाबला की तो सगळा जोर ती जागा भरण्यातच जातो. हँडब्रेक मागच्या चाकांवर तारेने चालतो, त्याचा या तेलाशी संबंध नाही, म्हणून तो लागला.

म्हणजे बघा, एकही नट चुकला नव्हता. काम बरोबर झालं होतं. राहिलं होतं ते फक्त पाच वेळा पेडल दाबणं. आणि ते मला माहीत होतं. शेवटी सांगू, असं मी मनात धरून ठेवलं होतं. मधे "मी आलो" म्हणालो आणि वीस मिनिटं आलो नाही.

त्या दिवशी दुपारी जेवायला कुणी फारसं बोललं नाही. संध्याकाळी बायको म्हणाली, "आता सगळं दुकानात. एक बोल्टही घरी उघडायचा नाही." मी मान डोलवली. मग थोड्या वेळाने तिलाच काहीतरी आठवलं. म्हणाली, "पण दुकानात तरी काय... ते आय-फाइव्हवरचं आठवतंय ना?"

आठवतंय म्हणजे काय! बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दुकानातून चार नवे टायर घालून घेतले आणि दोन आठवड्यांनी लॉस एंजेलिसला निघालो. गाडीत आम्ही दोघं, मांडीवरचं पोर आणि भारतातून आलेल्या सासूबाई. केटलमन सिटीच्या अलीकडे, दिवेलागणीला, टायर पंक्चर. डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पण नट हलेना. दुकानात हवेच्या बंदुकीने ते असे आवळले होते की मी पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो तरी टस की मस नाही. शेवटी पाना सटकला आणि माझा गुडघा फुटला. मदतीचा ट्रक यायला दोन तास लागले. सासूबाईंनी तेवढ्यात आणलेले लाडू संपवायला लावले. नंतर कळलं की इतके आवळलेले नट फक्त उघडायलाच अवघड नसतात. त्यांनी बोल्ट ताणला जातो, आटे खराब होतात, ब्रेकची डिस्कसुद्धा वाकडी होऊ शकते.

तिथे मी पैसे दिले होते. पावती होती. काम जाणत्या माणसाने केलं होतं. आणि तरी त्याच्यावर दुसरी नजर फिरली नव्हती.

मग आम्ही दोघांनी आणि मुलाने बसून त्या फ्रिजवरच्या यादीकडे पुन्हा बघितलं. स्वस्त काय, महाग काय, सोपं काय, अवघड काय, हे बाजूला ठेवलं. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला. या कामात चूक झाली तर ती आपल्याला कुठे कळेल, घराच्या दारात की फ्रीवेवर? आज तुम्ही माझ्या बोलण्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर हा प्रश्न ठेवा.

इनटेक. चूक दारातच कळते. इंजिन कुरकुरतं, दिवा लागतो, गाडी तरीही चालते. हे काम घरी करायला हरकत नाही. मुलांना हात घालायला द्यावा असंच हे काम आहे. एक जपायचं, काही इनटेकचा फिल्टर अगदी खाली, बंपरच्या आत बसतो. पावसाळ्यात साचलेल्या खोल पाण्यातून गाडी घातली तर तो पाणी ओढून घेऊ शकतो, आणि इंजिनात पाणी गेलं की इंजिन संपलं.

ब्रेक. इथे उत्तर आपल्या हातात आहे. गाडी हलवण्याआधी तपासलं तर चूक दारात कळते. नाही तपासलं तर रस्त्यावर. म्हणून आमच्या घरी नियम असा झाला की ब्रेकचं काम एकट्याने करायचं नाही. दोन माणसं, आणि काम करणाऱ्याने तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. पहिल्यांदा करत असाल तर ज्याने आधी केलंय असा कुणीतरी शेजारी उभा हवा. तसा माणूस ओळखीत नसेल तर सरळ दुकानात द्या. त्यात कमीपणा काही नाही.

स्प्रिंगा. इथे चूक कळायला रस्त्यापर्यंतही जावं लागत नाही. आमच्या गाडीच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच नळ्यात बांधलेले असतात. ते सोडवायचे तर स्प्रिंग आधी दाबून धरावी लागते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती गोळीसारखी उडते. त्यात माणसं जायबंदी झाली आहेत, जिवानिशीही गेली आहेत. हे काम आम्ही सगळं दुकानाला दिलं, आणि गाडी खाली बसली की चाकांचं अलाइनमेंट लागतंच, ते यंत्र घरी नसतं. माझ्या ओळखीतले एक जण मधला मार्ग काढतात. नळा गाडीतून स्वतः काढतात, दुकानात नेऊन फक्त स्प्रिंग बदलून घेतात आणि घरी परत बसवतात. म्हणजे धोक्याच्या अर्ध्या तासाचेच पैसे देतात. सगळी दुकानं असं करत नाहीत, पण विचारायला काय जातं?

एक्झॉस्ट. बोल्टवर बसणारा पाइप घरी बसवता येतो, पण त्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं. आता इथे मी हात जोडून सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक मिनिटासाठीसुद्धा जाऊ नका. स्टँड लावा, गाडी हाताने हलवून बघा, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँडवरही आंधळा भरवसा नको. २०२० मध्ये अमेरिकेत विकले गेलेले लाखो स्टँड परत मागवले होते, कारण वजन असताना ते अचानक खाली येऊ शकत होते. गॅरेजमध्ये जुने पडले असतील तर त्यावरचा नंबर शोधून बघा. आम्ही एक्झॉस्टसुद्धा दुकानात दिला. लिफ्टवर त्यांना तासभर लागला.

आणि शेवटचं ट्यून. इथे चूक ना दारात कळते ना फ्रीवेवर. ती सहा महिन्यांनी कळते, इंजिन उघडल्यावर. शिवाय कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बेकायदा बदलला आहे का हेही बघतात. बदलला असेल तर गाडी नापास. ट्यून यादीतून खोडलं. चिरंजीव दोन दिवस घुम्म होते.

कायद्याचं निघालं आहे तर थोडं आणखी. धुराशी संबंधित कोणताही पार्ट, म्हणजे आमचा इनटेकसुद्धा, कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मंजुरीचा नंबर असलेला लागतो. पार्टसोबत नंबराचं स्टिकर येतं, ते बॉनेटखाली दिसेल असं लावायचं. स्मॉग चेकवाला तेच शोधतो. स्वस्तातला, बिननंबराचा पार्ट घेतला तर पुढच्या स्मॉग चेकला तो काढून जुना पुन्हा बसवावा लागतो, म्हणून जुने पार्ट फेकू नका, खोक्यात घालून ठेवा. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर संघराज्याच्या कायद्याने देशभर मना आहे, तुम्ही न्यू जर्सीत असा नाहीतर टेक्ससमध्ये. आवाजालाही इथे मर्यादा आहे, साध्या गाडीच्या एक्झॉस्टला ९५ डेसिबल.

ज्यांची गाडी नवी आहे त्यांना एक भीती असते की बाहेरचा पार्ट लावला की वॉरंटी गेली. तसं सरसकट होत नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. निव्वळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल तर मात्र ती त्या दुरुस्तीला नाही म्हणू शकते. म्हणून पावत्या जपा, तारखा लिहून ठेवा. विमा कंपनीलाही कळवा की गाडीत काय बदललं आहे. आणि अपार्टमेंटमध्ये किंवा असोसिएशनच्या घरात राहत असाल तर करारनामा वाचा, पार्किंगमध्ये गाडी उघडायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

आता दुकानात देताना काय करायचं. पैसे दिले म्हणजे डोळे मिटायचे असं नाही. कॅलिफोर्नियात दुरुस्तीच्या दुकानांची नोंदणी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे असते. काम सुरू करण्याआधी खर्चाचा लेखी अंदाज मिळणं हा तुमचा हक्क आहे. त्यापेक्षा जास्त खर्च येणार असेल तर त्यांनी आधी तुम्हाला विचारायला हवं. काढलेले जुने पार्ट परत हवे असतील तर काम देतानाच तसं सांगा. तुम्ही आणलेला पार्ट ते बसवतात का, आणि मग मजुरीची हमी देतात का, हे आधी विचारा. बरीच दुकानं देत नाहीत. आणि एक प्रश्न न लाजता विचारा, "चाकाचे नट टॉर्क रेंचने घट्ट करता ना?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. रागावला तर दुसरं दुकान बघा.

आणि गाडी कुणीही केलेली असो, तुम्ही किंवा दुकानाने, पन्नास-शंभर मैल चालल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा मोजून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तर त्या सहलीतल्या वादाचं माझं उत्तर असं. दुकान किंवा घर, दोन्ही चालतं. जिथे चूक दारात कळते ते काम पोरांना करू द्या, बिघडू द्या, पुन्हा करू द्या. जिथे ती रस्त्यावर कळते तिथे दुसरी नजर विकत घ्या किंवा घरातली द्या. पण घरातली देणार असाल तर पूर्ण द्या. फोन वाजला तर काम थांबवा, पाना खाली ठेवा, मुलालाही ठेवायला लावा आणि मग बोला. भावाला मी आता हेच सांगून ठेवलं आहे, शनिवारी सकाळी फोन उचलला नाही तर समज मी गॅरेजमध्ये आहे.

त्या प्रसंगानंतर पंधरा दिवस मुलाने गाडीला हात लावला नाही. मी आग्रह केला नाही. एका सकाळी गॅरेजमध्ये गेलो तर भिंतीवर कागद चिकटवलेला. त्याच्या मराठी शाळेतल्या अक्षरात आठ ओळी. ठोकळे लावले का. स्टँड लावले का. नट मोजले का. सगळं मराठीत का लिहिलंस विचारलं, तर म्हणाला, "म्हणजे तू पण वाचशील." शेवटची ओळ मोठ्या अक्षरात होती, "निघण्याआधी ब्रेक पाच वेळा दाबा," आणि त्याखाली दोन चौकोन. एक त्याच्या सहीसाठी, एक माझ्या.

गेल्या आठवड्यात त्याने माझ्या गाडीचे पॅड बदलले. मी शेजारी स्टुलावर बसून होतो, फोन घरात. शेवटी मी पेडल दाबलं, पाच वेळा मोजून, आणि माझ्या चौकोनात सही केली. मग दोघं गाडी घेऊन बाहेर पडलो, कोथिंबीर आणायला.

आजच्यासाठी इतकंच. गाडी जपून चालवा, मंडळी. नमस्कार.